गोळाफेक: सूत्रावरून कोन 42 अंश येतो, व्हिडिओत 36 अंश दिसतो. नेमके काय चुकते आहे?

खानापूरचा शिक्षक

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असल्यामुळे गेली दोन वर्षे मैदानावरचे कामही माझ्याकडेच आहे, आणि खाली मांडलेली अडचण या दोन कामांच्या सांध्यावर उभी राहिली आहे.

नववीतील एक विद्यार्थिनी तीन किलोचा गोळा चांगला फेकते. तालुका पातळीवरील स्पर्धेपूर्वी तिच्या फेकीचा थोडा शास्त्रीय अभ्यास करावा, या हेतूने मी मोबाइल तिपाईवर बसवून, फेकीच्या दिशेला काटकोनात ठेवून, सेकंदाला 120 फ्रेमच्या गतीने चित्रण केले. एका चांगल्या फेकीत गोळा हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत 161 फ्रेम मोजल्या, म्हणजे 1.34 सेकंद झाले. गोळा जेथे सुटला त्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून तांबड्या मातीत पडलेल्या खळग्यापर्यंतचे आडवे अंतर 9.75 मीटर भरले. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे स्टॉप बोर्डाच्या, म्हणजे वर्तुळाच्या पुढच्या कडेवरील फळीच्या, आतल्या कडेपासून टेप धरला असता हेच अंतर 9.90 मीटर झाले असते, कारण गोळा सुटताना तिचा हात बोर्डाच्या पुढे सुमारे 15 सेंटीमीटर गेलेला असतो. सुटतानाची उंची 1.70 मीटर होती.

यानंतर मी पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाच्या, म्हणजे अकरावीच्या, पुस्तकातील सूत्र वापरले. उड्डाणकाल म्हणजे उभ्या वेगाची दुप्पट भागिले गुरुत्वीय त्वरण. त्यावरून उभा वेग 6.57 मीटर प्रतिसेकंद आला, तर 9.75 ला 1.34 ने भागून आडवा वेग 7.28 आला. या दोहोंवरून फेकीचा कोन 42 अंश आणि एकूण वेग 9.8 मीटर प्रतिसेकंद ठरतो. परंतु पडद्यावर चित्र थांबवून कोनमापक लावला की कोन 36 अंश दिसतो. मी तीनदा मोजला, गणिताच्या शिक्षकांनी एकदा मोजला, आणि चारही वेळा फरक एका अंशापेक्षा जास्त पडला नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. 45 अंशांच्या कोनात पल्ला सर्वाधिक मिळतो, असे पुस्तकात असल्यामुळे मी तिला गोळा आणखी वर टाकायला सांगितले. तिने तसे केले आणि अंतर 9.10 मीटरवर आले, वेळ मात्र वाढून 1.46 सेकंद झाला. पाच-सहा फेकींनंतर तिने विचारले, "सर, मी माझ्या पद्धतीनेच टाकू का?" त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

जाणकारांनी दोन गोष्टी कृपया सांगाव्यात. 42 आणि 36 यांपैकी खरा कोन कोणता? आणि हे सारे नववीच्या वर्गाला समजावण्याचा काही मार्ग आहे का? साइन आणि कॉस त्यांना दहावीत भेटणार आहेत.

पी.यू. पहिले वर्ष

सर, मी आपल्याच तालुक्यातील मराठी शाळेतून एस.एस.एल.सी. (दहावी) झालो आणि आता बेळगावात विज्ञान शाखेत आहे. हा धडा आमच्याकडे नुकताच झाला. वर्गात सगळे इंग्रजीत चालत असल्यामुळे प्रोजेक्टाइल म्हणजे आपण लहानपणी टोलवत होतो ती विटीच, हे लक्षात यायलाच मला आठवडा लागला.

मला वाटते, फरक उंचीमुळे पडत असावा. आपला भाग समुद्रसपाटीपासून बराच उंच आहे, त्यामुळे गुरुत्वीय त्वरण पुस्तकातल्या 9.8 पेक्षा कमी असणार आणि हवाही विरळ असणार. त्वरण कमी घेतले तर उभा वेग कमी येईल आणि कोनही कमी होईल. हे चुकत असेल तर कृपया सांगावे.

गणेशपूरचा निवृत्त प्राध्यापक

पी.यू.च्या विद्यार्थ्याने दिशा बरोबर धरली आहे, कारण त्वरण कमी घेतल्यास कोन खरोखरच कमी येतो. मात्र आकडे घालून पाहिले पाहिजेत. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे आणि आपल्या अक्षांशाचा विचार केला तर येथे गुरुत्वीय त्वरण जवळपास 9.78 भरते. 9.8 ऐवजी 9.78 घेतल्याने या फेकीत एक-दोन सेंटीमीटरांचा फरक पडतो, आणि तेवढ्यावर 42 अंशांचे 36 होत नाहीत. हवेचे म्हणाल तर तीन किलोच्या गोळ्याचे वजन सुमारे 29 न्यूटन, आणि नऊ मीटर प्रतिसेकंद वेगाला त्यावरचा हवेचा रोध एका न्यूटनाच्या सातव्या-आठव्या भागाएवढा. साऱ्या उड्डाणात त्याने तीनेक सेंटीमीटर अंतर कमी होईल. गोळाफेकीत हवा खुशाल विसरावी.

शिक्षकमहोदय, आपला कोनमापक बरोबर आहे, कॅमेराही बरोबर आहे आणि पुस्तकातले सूत्रही चुकलेले नाही. ते सूत्र ज्या प्रसंगासाठी लिहिले आहे तो प्रसंग आपल्या मैदानावर घडतच नाही, एवढेच. उड्डाणकालाचे ते सूत्र वस्तू जमिनीवरून सुटून त्याच पातळीवर परत पडते असे धरून चालते. आपल्या विद्यार्थिनीचा गोळा 1.70 मीटर उंचीवरून सुटतो आणि शून्य उंचीवर पडतो. पुस्तकात ही अट एका ओळीत असते आणि सूत्र चौकटीत असते, म्हणून विद्यार्थी चौकट लक्षात ठेवतो व ओळ विसरतो. पस्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यानंतर हे मी खात्रीने सांगू शकतो.

आता सूत्र बाजूला ठेवू आणि गोळ्याच्या मागे मागे जाऊ. उड्डाणाच्या 1.34 सेकंदांत गोळा आडवा किती गेला आणि उभा किती हलला, हे दोन प्रश्न पूर्णपणे वेगळे आहेत, आणि त्यांच्यात सामाईक असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. आडव्या दिशेला त्याला ओढणारे काही नाही, म्हणून आडवा वेग शेवटपर्यंत तोच राहतो. 9.75 भागिले 1.34, म्हणजे 7.28. हे आपण बरोबर केले होते.

उभ्या दिशेला काय झाले? गुरुत्वाकर्षण नसते तर गोळा 1.34 सेकंदांत सरळ वर चढत राहिला असता. गुरुत्वाकर्षणाने त्याच वेळेत त्याला 4.9 (गुरुत्वीय त्वरणाचे निम्मे) गुणिले 1.34 चा वर्ग, म्हणजे 8.80 मीटर खाली ओढले. या ओढीचा निव्वळ परिणाम असा झाला की गोळा सुरुवातीच्या जागेपेक्षा 1.70 मीटर खाली पोहोचला. याचाच अर्थ, उभ्या वेगाने त्याला 8.80 वजा 1.70, म्हणजे 7.10 मीटर वर चढवले होते. 7.10 ला 1.34 ने भागल्यास उभा वेग 5.30 मीटर प्रतिसेकंद येतो. आपण हे 1.70 वजा न केल्यामुळे आपल्याला 6.57 मिळाले.

आता कागदावर 7.28 सेंटीमीटरची आडवी आणि 5.30 सेंटीमीटरची उभी रेघ काढून काटकोन त्रिकोण पूर्ण करा आणि कोनमापक लावा. कोन 36 अंश येईल आणि कर्ण 9.0 सेंटीमीटर भरेल. हाच फेकीचा वेग, 9.0 मीटर प्रतिसेकंद. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. वजाबाकी, भागाकार, पट्टी आणि कोनमापक एवढ्यावर काम भागते. माझ्या मते साइन-कॉस येण्यापूर्वी मुलांनी हे एकदा अशा रीतीने केलेले बरे, म्हणजे पुढे ते शब्द आले की कशासाठी आले हे त्यांना कळते.

या फेकीचा प्रवास फळ्यावर काढून दाखवावा, अशी आणखी एक सूचना करतो. गोळा 0.54 सेकंद वर चढला आणि जमिनीपासून सुमारे 3.13 मीटर उंचीवर पोहोचला. तेथून हाताच्या पातळीवर परत यायला त्याला पुन्हा 0.54 सेकंद लागले. पुस्तकातले सूत्र येथे संपते. त्यानंतर उरलेल्या 0.26 सेकंदात तो हाताच्या पातळीपासून जमिनीपर्यंत आला आणि तेवढ्या वेळात 1.89 मीटर पुढे गेला. म्हणजे पावणेदहा मीटरांच्या फेकीतील जवळजवळ एक पंचमांश भाग त्या सूत्राच्या हिशेबाबाहेरचा आहे.

मोजमापाविषयी एक सावधगिरी. एका फ्रेमची चूक झाली तर या हिशेबात कोन सुमारे 0.4 अंशाने हलतो, म्हणून 120 फ्रेम पुरेशा आहेत. साध्या 30 फ्रेमच्या चित्रणात हीच चूक पावणेदोन अंशांची होईल. स्लो मोशनची फाइल काही मोबाइलमध्ये चौपट संथ चालते आणि पडद्यावरचे घड्याळ त्याप्रमाणे चौपट वेळ दाखवते, म्हणून आपण केले तसे फ्रेम मोजणेच चांगले.

निपाणीचा जुना गोळाफेकपटू

प्राध्यापक साहेबांनी 42 आणि 36 चा उलगडा केला, परंतु 45 अंशांना अंतर का घटले हा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि तो वर्तुळात उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे, म्हणून मी लिहितो.

माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या मार्गदर्शकांनीही मला 45 अंशांचा आग्रह केला होता. एक पूर्ण हंगाम मी आकाशाकडे बघून गोळा टाकला आणि त्या हंगामात माझे अंतर एक वीतभरही वाढले नाही. कारण मला फार नंतर समजले. गोळा खांद्यापासून पुढे ढकलताना छाती, पाठ, कंबर आणि पाय यांचा सगळा जोर त्याच्या मागे येतो. तोच गोळा अधिक उभा ढकलू लागलो की काम मुख्यतः खांद्यावर आणि दंडावर येऊन पडते. ज्यांनी व्यायामशाळेत पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की माणूस बाकावर झोपून छातीवरून जेवढे वजन उचलतो, तेवढे उभे राहून डोक्यावर उचलू शकत नाही. शिवाय वर ढकलताना हाताच्या जोरातील काही भाग गोळ्याचे वजन पेलण्यातच खर्च होतो आणि वेग वाढवायला तेवढा कमी उरतो. म्हणजे कोन वाढवला की सुटण्याचा वेग कमी होतो. पुस्तक मात्र कोन कितीही बदलला तरी वेग तोच राहतो असे धरून चालते, आणि तोफेच्या बाबतीत ते खरेही असेल.

जागतिक दर्जाचे गोळाफेकपटू बहुधा 30 ते 40 अंशांच्या दरम्यान गोळा सोडतात. पुरुषांचा 7.26 किलोच्या गोळ्याचा विश्वविक्रम अमेरिकेच्या रायन क्राउझर यांनी 2023 मध्ये 23.56 मीटर असा केला. ज्या विद्यार्थिनीला कोणी शिकवलेले नसताना 36 अंश सापडले आहेत, तिचा कोन मी तरी बदलणार नाही.

गणेशपूरचा निवृत्त प्राध्यापक

निपाणीकरांचे म्हणणे आकड्यांनी पडताळून पाहता येते, कारण शिक्षकमहोदयांनी दुसऱ्या फेकीची वेळही दिली आहे, आणि त्यासाठी त्यांचे आभार मानले पाहिजेत.

9.10 मीटर आणि 1.46 सेकंद. आडवा वेग 6.23. गुरुत्वाकर्षणाची ओढ 10.44 मीटर, त्यातून 1.70 वजा केल्यास 8.74 उरतात, आणि त्याला 1.46 ने भागल्यास उभा वेग 5.99 येतो. कोन जवळजवळ 44 अंश आणि एकूण वेग 8.64 मीटर प्रतिसेकंद. पहिल्या फेकीत हाच वेग 9.0 होता. म्हणजे विद्यार्थिनीने शिक्षकांची सूचना अगदी प्रामाणिकपणे पाळली, आणि ती पाळण्यात तिचा चार टक्के वेग गेला.

वेग 9.0 च राहिला असता तर काय झाले असते, हे पाहणेही उद्बोधक आहे. 1.70 मीटर उंचीवरून 9.0 मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकलेला गोळा सर्वांत दूर जाण्याचा कोन 45 नसून 40 अंश आहे. उंचीवरून फेकताना तो 45 पेक्षा कमी असतो, आणि फेक जितकी छोटी तितका अधिक कमी असतो, कारण छोट्या फेकीत हाताच्या उंचीचा वाटा मोठा होतो. त्या 40 अंशांना पल्ला 9.82 मीटर मिळाला असता, 36 अंशांना तो 9.75 आहे आणि 45 अंशांना 9.71 झाला असता. नऊ अंशांच्या पट्ट्यात सारा खेळ अकरा सेंटीमीटरांचा आहे. कमाल मूल्याच्या आसपास आलेख सपाट असतो, ही गोष्ट आपण वर्गात शिकवतो, पण तिचा मैदानावरचा अर्थ कोणी सांगत नाही.

आता याच्या शेजारी वेग ठेवून पाहा. 36 अंशांना वेग 9.0 वरून 9.1 झाला तर पल्ला 9.75 वरून 9.93 होतो. एका टक्क्याने अठरा सेंटीमीटर मिळतात. गोळा सुटण्याची उंची दहा सेंटीमीटरांनी वाढली तर नऊ सेंटीमीटर मिळतात, आणि ती उंची बहुधा शेवटच्या क्षणी गुडघा आणि टाच पूर्ण ताठ होण्यातून येते. मेहनत कशावर घ्यावी, हे या तीन आकड्यांवरून ठरवावे.

येळ्ळूरचा क्रिकेटवाला

विषयाला धरूनच एक शंका विचारतो. आमच्याकडे टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात आणि सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू कसा फेकावा यावर दरवर्षी वाद होतो. वर सांगितलेली वजाबाकीची पद्धत चेंडूलाही लागू पडते का? आम्ही एकदा चित्रण करून हिशेब केला होता. तेव्हा हिशेबाने चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून जायला हवा होता आणि प्रत्यक्षात तो त्याच्या कितीतरी अलीकडे टप्पा पडून पोहोचला.

गणेशपूरचा निवृत्त प्राध्यापक

लागू पडत नाही. गोळ्याच्या बाबतीत मी हवा विसरायला सांगितली ती सवलत चेंडूला मिळत नाही. सुमारे 160 ग्रॅमचा चामडी चेंडू 30 मीटर प्रतिसेकंद वेगाने जात असेल, तर त्यावरचा हवेचा रोध त्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असतो. हवा नसती तर 45 अंशांना तो जवळजवळ 92 मीटर गेला असता. रोध धरून मी टप्प्याटप्प्याने आकडेमोड केली तेव्हा उत्तर ढोबळमानाने 65 मीटर आले. टेनिसचा चेंडू आकाराने जवळपास तेवढाच, पण वजनाने 58 ग्रॅमच्या आसपास. 25 मीटर प्रतिसेकंद वेगाला त्याच्यावरचा रोध त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त होतो. अशा चेंडूचा मार्ग अन्वस्त (पॅराबोला) राहत नाही. तो तिरका वर चढतो आणि शिखरानंतर बराच उभा खाली येतो. उंच उडालेला टेनिस चेंडू झेलायला क्षेत्ररक्षक मागे धावतो आणि चेंडू त्याच्या पुढ्यात पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

त्यामुळे एखाद्या खेळाचा हिशेब मांडण्यापूर्वी हवेचा रोध आणि वस्तूचे वजन यांची तुलना करावी. गोळा आणि लांब उडी मारणारा माणूस यांना साधी पद्धत चालते. टेनिस चेंडू, बॅडमिंटनचे फूल आणि भाला यांना चालत नाही. भाल्याला तर हवा थोडीफार उचलूनही धरते. त्याचा हिशेब अधिकच अवघड आहे आणि मी तो या चर्चेत आणणार नाही.

लांब उडीचे मात्र एक वाक्य लिहितो, कारण ती निपाणीकरांच्या मुद्द्याला बळकटी देते. तेथे धावण्याच्या वेगामुळे आडवा वेग मोठा असतो आणि एका पावलात तेवढाच उभा वेग मिळवणे कोणाच्याही पायाला शक्य नसते, म्हणून उत्तम खेळाडूंचा उड्डाणकोनही वीस अंशांच्या आसपासच राहतो.

पी.यू. पहिले वर्ष

सर, 40 अंश कसे आले ते मी करून पाहिले. सर्वांत दूर जाणाऱ्या कोनाचा टॅन काढण्यासाठी फेकीच्या वेगाला जमिनीवर आदळण्याच्या वेगाने भागायचे. आदळण्याच्या वेगाचा वर्ग म्हणजे 81 अधिक 2 गुणिले 9.8 गुणिले 1.70, म्हणजे 114.3, आणि त्याचे वर्गमूळ 10.69. नऊ भागिले 10.69 म्हणजे 0.842, आणि त्याचा कोन 40.1 अंश. उंची शून्य घेतली की भागाकार एक होतो आणि पुस्तकातले 45 परत येतात. आमच्या पुस्तकातले उत्तर हे याच उत्तराचे एक विशेष रूप आहे, हे मला आज समजले.

खानापूरचा शिक्षक

आपल्या सर्वांच्या उत्तरांनंतर उघडीप मिळालेल्या पहिल्या दिवशी पुन्हा चित्रण केले. या वेळी कोन किती अंशांचा हवा, अशी कोणतीही सूचना मी दिली नाही. थोडे सपाट टाक, नेहमीसारखे टाक आणि थोडे उंच टाक, एवढेच सांगून प्रत्येक प्रकारच्या तीन फेकी घेतल्या आणि सरासरी काढली. आकडेमोड नववीच्या वर्गानेच केली. एका गटाने फ्रेम मोजल्या, दुसऱ्याने वजाबाकी आणि भागाकार केले, तिसऱ्याने आलेखाच्या कागदावर त्रिकोण काढले. सपाट फेकींचा कोन 32 अंश आणि वेग 9.1 आला, नेहमीच्या फेकींचा 36 अंश आणि 9.0, तर उंच फेकींचा 40 अंश आणि 8.8. पल्ले अनुक्रमे 9.72, 9.75 आणि 9.45 मीटर. प्राध्यापक साहेबांनी वेग न बदलता जो 40 अंशांचा कोन सर्वोत्तम ठरवला होता, तो तिच्या शरीरासाठी तीस सेंटीमीटर तोट्याचा आहे. सपाट आणि नेहमीच्या फेकीत मात्र तिला जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

कोनाचा विषय मी तिच्यापुरता बंद केला आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे "तुझ्याच पद्धतीने टाक", हेही वर्गासमोरच दिले. आता मागून सरकत येण्याच्या पावलांवर आणि शेवटी टाच ताठ करण्यावर काम चालू आहे.

एक प्रश्न मात्र तिने असा विचारला की मी तो येथे आणतो. सगळी आकडेमोड संपल्यावर ती म्हणाली, "सर, यात गोळ्याचे वजन कुठेच आले नाही. मग पुढच्या वर्षी चार किलोचा दिला तरी तो तेवढाच जाईल का?" उड्डाणावर वजनाचा परिणाम होत नाही एवढे मी सांगितले, पण ती समाधानी दिसली नाही, आणि खरे सांगायचे तर मीही नव्हतो.

गणेशपूरचा निवृत्त प्राध्यापक

तिचे समाधान झाले नाही हे योग्यच आहे. हातातून सुटल्यानंतर तीन किलो आणि चार किलो यांचा मार्ग एकच असतो, पण सुटताना दोघांना मिळणारा वेग एक नसतो. तिच्या शरीराने गोळ्याला दिलेली ऊर्जा दोन्ही वेळी सारखीच धरली, तर चार किलोच्या गोळ्याचा वेग 9.0 वरून 7.8 वर येईल आणि 36 अंशांना पल्ला 7.70 मीटर होईल. प्रत्यक्षात तो याहून थोडा जास्त भरेल असा माझा अंदाज आहे, कारण फेकताना तिला स्वतःचा हातही वेगाने पुढे न्यावा लागतो आणि हाताचे वजन काही वाढलेले नसते, शिवाय जड वस्तू सावकाश ढकलताना स्नायूंना अधिक जोर लावता येतो.

शेजारच्या शाळेतून चार किलोचा गोळा मिळाला तर दोन फेकी टाकून घ्याव्यात आणि फ्रेमची संख्या येथे कळवावी. मोजण्यापूर्वी तिला स्वतःचा अंदाज वहीत लिहायला सांगावे. माझा 8 मीटर आहे.

निपाणीचा जुना गोळाफेकपटू

माझा 8.40. मात्र आधी हलक्या हाताने चार-पाच फेकी टाकू द्याव्यात. नवे वजन पहिल्याच फेकीत पूर्ण जोराने टाकले की मनगट दुखावते.

खानापूरचा शिक्षक

गोळा मिळाला आहे. तिने वहीत 8.25 लिहिले आहे. मैदान वाळले की कळवतो.